रात्रपाळी, घोरणं आणि वजनकाटा: लठ्ठपणाचं एक प्रकरण

हे प्रकरण ४७ वर्षांच्या एका गृहस्थांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे श्री. अ. म्हणू. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या नोंदी, तसंच श्री. अ. यांनी स्वतः ठेवलेली वही, यांच्या आधारे हे लिहिलं आहे. वजन किती उतरलं यापेक्षा कोणता बदल आधी करायचा हे कसं ठरलं, यासाठी हे प्रकरण वाचण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

श्री. अ. एका नियंत्रण कक्षात काम करतात. समोर पडदे, हाताशी फोन, बसून काम. पाळी फिरती: एक आठवडा रात्र, मग एक दुपार, मग एक सकाळ. नोकरीला लागले तेव्हा ते सडपातळ होते. वजन वर्षाला किलो-दीड किलोनं वाढत गेलं, त्यामुळे ते कोणाच्या नजरेत भरलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

डॉक्टरांकडे आले तेव्हा उंची १७२ सेंटीमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३३. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये धोका त्याआधीच सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवलेले आहेत. कंबरेचा घेर ११२ सेंटीमीटर. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, या साध्या हिशोबानं तो ८६ च्या आत हवा होता. रक्तदाब गोळी चालू असूनही १४६/९२. उपाशीपोटी साखर ११४ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा पूर्वमधुमेहाचा पट्टा). जिना उतरताना गुडघे दुखायचे.

याआधी दोनदा त्यांनी वजन उतरवलं होतं. एकदा तर चार महिन्यांत ११ किलो, जवळजवळ उपाशी राहून. दोन्ही वेळा ते परत आलं, वर थोडं जास्तच. आपल्यात चिकाटी नाही, असं त्यांनी स्वतःबद्दल ठरवूनच टाकलं होतं, आणि घरच्यांनाही ते पटलं होतं.

नेमकी अडचण काय होती

ते आले ते ‘कडक डाएट लिहून द्या’ म्हणत. आहारतज्ज्ञांनी तक्ता दिला नाही. तीन आठवडे, म्हणजे तिन्ही पाळ्या येतील इतके दिवस, वही ठेवायला सांगितली. काय खाल्लं आणि किती वाजता, एवढंच नाही. का खाल्लं, हाही एक रकाना त्यात होता.

प्रकरण वळलं ते या रकान्यामुळे. सकाळ-दुपारच्या पाळीत त्यांचं खाणं बेताचं होतं. रात्रपाळीत मात्र मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात सातशे-आठशे कॅलरी जास्तीच्या जात होत्या. पाकीटबंद खारे पदार्थ, बिस्किटं आणि दोन-दोन चमचे साखर घातलेला पाच कप चहा. दहा चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर चांगलं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. हे सगळं का खाल्लं? रकान्यात ‘भूक लागली’ असं क्वचितच होतं. बहुतेक ठिकाणी ‘झोप येत होती’ असं लिहिलेलं होतं.

माणूस जागं राहण्यासाठी खात होता. अशाला कमी खा म्हणून सांगणं म्हणजे कामावर डुलक्या काढा म्हणण्यासारखंच.

पुढचा प्रश्न डॉक्टरांनी पत्नीला विचारला. त्यांनी सांगितलं, की हे जोरात घोरतात, मध्येच एकदम गप्प होतात आणि मग दचकून श्वास घेतात. झोपेची चाचणी झाली. तासाला सरासरी २७ वेळा श्वास अडखळत होता. झोपेत श्वास असा अडखळण्याचा विकार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया; १५ ते ३० या पट्ट्यात तो मध्यम तीव्रतेचा म्हणतात. म्हणजे पाच-साडेपाच तासांची झोपसुद्धा नावापुरतीच होती.

अपुरी झोप आणि वजन यांचा संबंध तर्कापुरता नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. २०२२ मधला प्रयोग रोजच्या जगण्याच्या जास्त जवळ जातो. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी ज्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली, त्यांच्या पोटात रोज सुमारे २७० कॅलरी कमी गेल्या. त्यांना आहाराबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय श्री. अ. यांच्या मनातलाच: पुन्हा एकदा कडक आहार. त्याचा परिणाम लवकर दिसतो, आणि तेच त्याचं आकर्षण. पण दोनदा तोच रस्ता धरून झाला होता. फार झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही बराच झिजतो. हा पर्याय बाजूला पडला.

दुसरा पर्याय जिमचा. याबद्दल बहुतेकांचा हिशोब चुकतो. ९० किलोच्या माणसानं तासभर झपाझप चाललं तर तीनशे-चारशे कॅलरी खर्च होतात, आणि त्या एका पाकिटानं भरून निघतात. नुसत्या व्यायामानं वजन फारसं उतरत नाही. उतरलेलं टिकवायला, साखर आणि रक्तदाब आवरायला मात्र व्यायामाशिवाय गत्यंतर नाही. शिवाय दुखऱ्या गुडघ्यांना एकदम जोराचा व्यायाम झेपला नसता. म्हणून व्यायाम ठेवला, पण सुरुवात त्यापासून केली नाही.

तिसरा पर्याय औषधांचा. बीएमआय ३० च्या पुढे असल्यानं सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं देता आली असती. २०२१ च्या मोठ्या चाचणीत त्यानं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. डॉक्टरांनी दोन्ही आकडे सांगितले. श्री. अ. यांना तेव्हा औषध नको होतं. सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं ठरलं. शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि लगेच मिटला. त्यांची ती तयारी नव्हती आणि प्रकृतीही तशी निकडीची नव्हती.

चौथा पर्याय निवडला गेला: आधी झोप आणि रात्रपाळीची घडी, मग ताट, मग व्यायाम. एका वेळी एकच. लक्ष्य ७ टक्क्यांचं, म्हणजे साधारण ९१ किलो. हा आकडा अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या गाजलेल्या चाचणीतून घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ३,२३४ पूर्वमधुमेही होते. ७ टक्के वजन घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. श्री. अ. यांना ७५ किलो व्हायचं होतं. ९१ ऐकून ते हिरमुसले, असं आहारतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय.

काय केलं

झोपताना श्वासमार्ग हवेच्या दाबानं उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सुरू झालं. डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली: या यंत्रानं वजन कमी होत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब पाहिला तर ते किंचित वाढलेलंच दिसतं. यंत्र होतं ते दिवसा डोळे उघडे राहावेत म्हणून, म्हणजे जागं राहण्यासाठी तोंड चालवायची वेळ येऊ नये. पहिले तीन आठवडे मुखवट्याचा इतका वैताग आला, की ते यंत्र परत करायला निघाले होते. वेगळ्या मापाचा मुखवटा दिल्यावर जमलं.

रात्रपाळीची घडी अशी बसवली. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी. एकच्या सुमारास घरून नेलेलं, प्रथिनं भरपूर असलेलं छोटं खाणं. दोननंतर पाणी, नाहीतर बिनसाखरेचं काहीतरी. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरात साधारण पाच तास राहतो आणि सकाळची झोप खातो. टेबलाच्या खणातली पाकिटं काढून टाकली. झोप येऊ लागली की उठून पाच मिनिटं कक्षातच फेऱ्या आणि डोक्यावरचा दिवा मोठा. घरी आल्यावर जाड पडदे, फोन दुसऱ्या खोलीत.

याच सुमारास एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट झाली. रक्तदाबासाठी ते बरीच वर्षं अटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेत होते. या गटातल्या गोळ्यांनी वजन साधारण किलोभर वाढू शकतं. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत दुसऱ्या गटातली गोळी सुरू केली. हे रुग्णानं परस्पर करायचं काम नव्हे. अटेनोलॉल एकदम बंद केली तर हृदयावर ताण येऊ शकतो. लठ्ठपणाच्या प्रत्येक रुग्णाची औषधांची यादी पहिल्याच भेटीत तपासावी, असं मला आग्रहानं वाटतं. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, यांनी वजन वाढतं आणि खापर मात्र रुग्णाच्या जिभेवर फुटतं.

दुसऱ्या महिन्यात ताटाकडे वळले. कॅलरी मोजल्या नाहीत. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव धान्य, पाव प्रथिनं, एवढंच. कारखान्यात खूप प्रक्रिया केलेले पदार्थ घरात आणणं कमी केलं. त्यामागं २०१९ चा एक प्रयोग होता. त्यात २० जणांना दोन आठवडे असे पदार्थ आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू आणि मीठ यांचं प्रमाण सारखंच होतं आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली.

तिसऱ्या महिन्यापासून जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालणं, पुढे वाढवत आठवड्याला १५० मिनिटं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. मांड्यांत ताकद आली तसे गुडघे कुरकुरायचे कमी झाले.

घरातली दुसरी बाजू

आहारतज्ज्ञांच्या नोंदीत पाचव्या महिन्यात एक वेगळंच वाक्य आहे: मुलगी रात्रीचं जेवण टाळते. मुलगी १३ वर्षांची. तिचं वजन वयाच्या मानानं थोडं जास्त होतं, लठ्ठपणात मोडण्याइतकं नव्हतं. घरात वजनकाटा बैठकीच्या खोलीत होता, बाबांच्या आकड्याची रोज चर्चा व्हायची आणि बोलता बोलता ‘तूही जरा बघ स्वतःकडे’ असं तिला ऐकवलं जायचं. हेतू चांगलाच असणार. पण घरी वजनावरून सतत बोलणी ऐकणाऱ्या मुलामुलींमध्ये जेवण टाळणं, चोरून खाणं, एकदम भरमसाट खाणं हे प्रकार जास्त दिसतात.

निर्णय घ्यायचा होता: मुलीलाही आहारतज्ज्ञांकडे रीतसर दाखल करायचं, की घर बदलायचं? घर बदलायचं ठरलं. वजनकाटा आई-बाबांच्या खोलीतल्या कपाटात गेला. आकड्याविषयी मुलीसमोर बोलायचं नाही. सगळ्यांना एकच जेवण; बाबांचं वेगळं, पथ्याचं ताट बंद. तिच्यापुरत्या दोनच गोष्टी ठरल्या, त्याही वजनाचं नाव न काढता: रोज तासभर तिला आवडेल ती हालचाल, आणि आठ ते दहा तासांची झोप. या वयाला एरवीही एवढं लागतंच. वाढत्या वयात वजन उतरवण्याच्या मागे लागण्यापेक्षा ते स्थिर ठेवून उंची वाढू देणं पुष्कळदा पुरेसं असतं. काही आठवड्यांत ती पुन्हा सगळ्यांबरोबर जेवू लागली.

थांबलेला काटा

पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर उतरलं. त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी झाला की त्यानं धरून ठेवलेलं पाणीही जातं. तिसऱ्या महिन्याअखेर ९४, सहाव्या महिन्याअखेर ९०.८. आणि तिथे काटा अडला. सातवा महिना गेला, आठवा गेला. श्री. अ. यांनी स्वतःहून जेवण तोडायला सुरुवात केली आणि एका रात्रपाळीत दोन पाकिटं संपवली. वहीत त्याबद्दल एकच शब्द आहे: ‘संपलं.’

असं का होतं? हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, हे झालं एक. वजनाच्या मानानं अपेक्षित असतो त्याहूनही खर्च थोडा जास्त घटतो. आणि भुकेची संप्रेरकं उतरलेल्या वजनाला विरोध करत राहतात. २०११ च्या एका अभ्यासात हा बदल वर्षानंतरही टिकून होता. ‘चिकाटी नाही’ या निदानाला इथे आधार उरत नाही.

तीन गोष्टी करता येत होत्या: आहार आणखी कमी करणं, औषध सुरू करणं, किंवा आहे त्या वजनावर काही काळ थांबणं. सहा महिन्यांनी औषधाचं बोलायचं ठरलं होतं, तसं बोलणं झालंही. लक्ष्य गाठलं होतं, साखर सुधारली होती आणि श्री. अ. यांना अजूनही औषध नको होतं. थांबायचं ठरलं. दोन महिने वजन उतरवायचं नाही, फक्त राखायचं. आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कंबर. काटा हलला नाही त्या काळात घेर आणखी दोन सेंटीमीटरनं कमी झाला.

परिणाम

वर्षाअखेर वजन ९०, घेर १०२, एचबीएवनसी ५.६, रक्तदाब १२८/८२. श्वास अडखळण्याचं प्रमाण तासाला २७ वरून १७ वर आलं. यंत्राची गरज तरीही संपली नाही.

चौदाव्या महिन्यात कामावर माणसं कमी पडली आणि सलग पाच आठवडे रात्रपाळी लागली. त्यातच सर्दी झाली म्हणून मुखवटा बाजूला पडला, तो पडूनच राहिला. दहा आठवड्यांत वजन ९३ वर. यावेळी एक फरक होता: ते स्वतःहून परत आले. आधीच्या दोन वेळांसारखे वर्षभर तोंड चुकवत बसले नाहीत. सुरुवात पुन्हा यंत्रापासून झाली, आहारापासून नाही. दोन वर्षांच्या भेटीत वजन ९१ होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, घसरणीची रेषा आधीच आखायला हवी होती. ९० ला पोचल्यावर ‘९२ दिसले की त्याच आठवड्यात फोन’ एवढं जरी ठरलं असतं, तरी ९३ पर्यंत जायची वेळ आली नसती. वजन उतरवण्याच्या काळात भेटी महिन्याला होत्या. वर्षानंतर त्या सहा महिन्यांवर गेल्या. खरी मदत लागते ती नेमकी तेव्हाच.

दुसरं, मालकांशी बोलणं फार उशिरा झालं. रात्रपाळीची अडचण माणूस एकट्यानं किती सोडवणार? पंधराव्या महिन्यात डॉक्टरांच्या पत्रावरून पाळ्यांचा क्रम बदलला: सकाळ, मग दुपार, मग रात्र. आधी तो उलटा फिरत होता. शरीराच्या घड्याळाला मागे सरकण्यापेक्षा पुढे सरकणं सोपं जातं. सलग रात्रींनाही मर्यादा आली. हे पत्र पहिल्या महिन्यात जायला काहीच हरकत नव्हती.

तिसरं औषधाबद्दल, आणि इथे मतभेद होऊ शकतात. ‘आधी सहा महिने जीवनशैली, जमलं नाही तर औषध’ अशी मांडणी झाली की औषध म्हणजे नापास झाल्याची शिक्षा वाटू लागते. श्री. अ. यांच्या नकारात हा भाग होता, असं नोंदी वाचताना जाणवतं. दरम्यान परिस्थितीही बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी टर्झेपटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या प्रौढांसाठी मंजुरी दिली, आहार आणि व्यायामाच्या जोडीनं. श्री. अ. त्या वर्णनात बसतात. त्यांचा बीएमआय ९१ किलोलाही ३०.८ आहे. पुढच्या भेटीत हा विषय पुन्हा निघणार आहे, आणि पत्नीही त्या भेटीला येणार आहेत.

मुलीचं जेवण टाळणं हे आहारतज्ज्ञांच्या कानावर आलं ते योगायोगानं, वेळ बदलून घ्यायला पत्नीनं फोन केला म्हणून. घरात इतर कोण काय खातंय, कोण काय टाळतंय, हा प्रश्न आता आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीच्या फॉर्मवरच विचारतात.